वर्ष आपल्या चालीनं मांडा: शेतीवर चालणाऱ्या घरासाठी ध्येयं ठरवायची आणि घडी बसवायची रीत

ध्येय कसं ठरवावं यावर भरपूर लिहिलं जातं, पण त्यातलं बहुतेक एक तारखेला पगार होणाऱ्या माणसासाठी असतं. जानेवारीत संकल्प करा, दरमहा ठरलेली रक्कम बाजूला टाका, रोज अमुक वाजता उठा. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडच्या ज्या घरात पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो, जिथं काम आलं की श्वास घ्यायला फुरसत नसते आणि नसलं की महिनाभर नसतं, तिथं हा सल्ला पंधरा दिवसही टिकत नाही. मग माणूस स्वतःलाच बोल लावतो, आपल्यात जिद्द नाही म्हणतो. मला हे पटत नाही. अशा घरात जिद्द पुरेपूर असते, फक्त ध्येयं भलत्याच पंचांगावर मांडलेली असतात.

ही रीत साधारण अशा घरासाठी आहे: चार-पाच एकर रान, त्यात सोयाबीन आणि तूर, एखादं लेकरू लातूरला किंवा संभाजीनगरला शिकायला, घरातली बाई बचत गटात, आणि कपाटात कागदांनी फुगलेली एक पिशवी. एक वही, भिंतीवरचं एक कॅलेंडर आणि एक फाईल एवढंच सामान लागतं.

आधी वर्ष कागदावर घ्या

वहीच्या जोडपानावर बारा ओळी आखा. पहिली ओळ जूनची. रकाने चार: काम काय, पैसा कुठून येतो, पैसा कशाला जातो, मोकळा वेळ किती.

जूनमध्ये मृग लागतो, पेरणीची घाई असते. बी-खत, शाळा-कॉलेजची फी, होस्टेल, वह्या-पुस्तकं असा सगळा खर्च एकदम येतो आणि येणं जवळपास शून्य. जुलै-ऑगस्ट कोळपणी, खुरपणी, फवारणीत जातात. पोळ्याच्या आसपास जरा उसंत मिळते. सप्टेंबरअखेरीपासून सोयाबीनची काढणी आणि रास, मग मोंढ्यावरून वर्षाची पहिली मोठी पट्टी, म्हणजे माल विकल्याचा पैसा. पाठोपाठ हरभरा-ज्वारीची पेरणी, कापूस असेल तर वेचणी. डिसेंबर-जानेवारीत तूर. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि ज्वारी निघते, दुसरी रक्कम येते. एप्रिल-मेमध्ये नांगरट आणि लग्नसराई. वेळ असतो, पाणी नसतं आणि लग्नांपायी पैसाही उरत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घराचा तक्ता वेगळा निघेल. दसरा-दिवाळीनंतर गाव सुटतं ते मार्च-एप्रिलपर्यंत, आणि पैसा कामाच्या आधी उचल म्हणून हातात येतो. त्या घरानं वर्षाचं ठरवायला बसायची वेळ म्हणजे उचल घेण्याआधीचा पावसाळा. उचल घेतल्यावर बसलात तर ठरवायला काही उरत नाही, कारण बरीचशी रक्कम जुन्या देण्यातच जाते.

तक्ता भरला की लाल पेननं खूण करा: खर्च आहे पण येणं नाही असे महिने कोणते? आणि हिरव्या पेननं: वेळ आहे असे महिने कोणते? बहुतेक घरांत लाल खूण जून-जुलैवर येते आणि हिरवी एप्रिल-मेवर. ही लाल खूण नीट बघा. सावकाराच्या दारात जाण्याचा महिना दरसाल तोच असतो.

यावरूनच ठरवायला बसण्याच्या दोन वेळा ठरतात. पैशाची ध्येयं दिवाळीच्या आसपास, पट्टी हातात असताना. कामाची आणि शिकण्याची ध्येयं गुढीपाडव्यापासून मृगापर्यंतच्या काळात. सालगड्याचं साल आपल्याकडे पाडव्यालाच ठरतं, तेव्हा घराचं सालही तेव्हाच धरायला हरकत नाही.

सगळं लिहा, तीन ठेवा

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं. दहावीतलं लेकरूही हवं, म्हातारी आईही हवी. ज्याच्या मनात जे असेल ते लिहून काढायचं: बोअर, मोटारसायकल, पोलीस भरती, गुडघ्याचं दुखणं दाखवणं, संडासाची दुरुस्ती, शिलाई मशीन. या वेळी कुणाचीही इच्छा हसण्यावारी न्यायची नाही.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या. अशा यादीत घरातल्या बाईची स्वतःची ओळ सहसा नसते. तिला विचारलं तर म्हणते, लेकरांचं झालं की माझं झालं. तिथं थांबू नका, पुन्हा विचारा. तिला अर्धवट राहिलेली बारावी करायची असेल, शेळ्या वाढवायच्या असतील, किंवा दोन वर्षं अंगावर काढलेलं दुखणं दाखवायचं असेल. ती ओळ यादीत आल्याशिवाय यादी पुरी धरू नये.

मग त्यातली तीनच निवडायची: एक पैशाचं, एक शिकण्याचं किंवा कसबाचं, एक तब्येतीचं किंवा घरातल्या सोयीचं. बाकीची वहीच्या शेवटच्या पानावर ‘पुढल्या साली’ म्हणून नोंदवा, खोडू नका. पोरीची अकरावी आणि नवी मोटारसायकल एकाच वर्षात बसत नसतील, तर कुणाला थांबावं लागणार हे जूनमध्ये कळण्यापेक्षा दिवाळीला कळलेलं बरं.

मोघम ध्येय नेमकं करा, आणि हातातलं धरा

एडविन लॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली मांडलं आणि पुढे गॅरी लेथम यांच्यासोबत अनेक वर्षं तपासलं की, ‘जमेल तेवढं चांगलं कर’ असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय समोर असलेला माणूस जास्त काम करतो. म्हणून निवडलेल्या तीनही ध्येयांना चार प्रश्न विचारा: किती? कधीपर्यंत? कोण करणार? झालं हे कळणार कसं?

आपल्या भागात मात्र पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे: यातलं आपल्या हातात किती? पाऊस हातात नाही, भाव हातात नाही, भरतीची जाहिरात कधी निघेल तेही नाही. या तिन्हींवर टांगलेलं ध्येय माणसाला खचवतं, कारण कष्ट पुरे करूनही हरल्यासारखं वाटतं.

पोलीस भरतीचं घ्या. ‘औंदा पोलीस व्हायचंच’ हे ध्येय अर्धं दुसऱ्याच्या हातात आहे. शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. मैदानात मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. मग ध्येय असं लिहा: ‘आज १६०० मीटरला लागणारा वेळ मोजून लिहीन. पाडव्यापर्यंत त्यातले ४० सेकंद कमी करीन. आठवड्यातून चार दिवस धावणं, दोन दिवस गोळा. रोज गणित-बुद्धिमत्तेचे ३० प्रश्न, घड्याळ लावून.’ जाहिरात लांबली तरी यातलं एकही वाक्य वाया जात नाही.

रानाचंही तसंच. ‘एकरी दहा क्विंटल काढायचं’ ही इच्छा चांगली, पण दहाचे सहा होतात ते बऱ्याचदा पावसामुळे. तुमच्या हातातलं वेगळं लिहा. मे महिन्यात घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची: पोत्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, ओल टिकवायची, आठवड्याभरात किती उगवले ते मोजायचं. ७० किंवा जास्त उगवले तर बी पेरायला चालतं; कमी असतील तर बी बदलायला अजून वेळ हाताशी असतो. माती परीक्षणाचा नमुना एप्रिलमध्ये, रान मोकळं असताना. बीजप्रक्रियेचं औषध पेरणीच्या आदल्या आठवड्यात घरात. ही तीन कामं तारीख लावून करता येतात आणि झाली की नाही तेही कळतं. शंका असली तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सल्ले वाचा, कृषी सहायकाला विचारा.

पैसा आला त्या दिवशीच वाटा

येणारा महिना आणि लागणारा महिना एक नसतो, हा आपल्या घरांचा मूळ पेच. त्यावर उपाय पट्टी मिळाली त्याच दिवशी करायचा.

एक उदाहरण धरू. चार एकर सोयाबीन, एकरी ७ क्विंटल, म्हणजे २८ क्विंटल. भाव ४,५०० धरला तर १,२६,००० रुपये. कृषी दुकानाची उधारी ३०,०००, काढणी-मळणी २२,०००, रब्बीचा खर्च १६,०००. हे ६८,००० गेले, उरले ५८,०००. जूनमध्ये होस्टेल आणि फीचे ३५,००० लागणार हे तक्त्यात आधीच लिहिलेलं आहे. मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बँकेत ३५,००० ची सात महिन्यांची मुदत ठेव करा. जूनच्या सुरुवातीला ती मोकळी होते. हातात राहिलेल्या २३,००० वर हरभरा येईपर्यंत घर चालवायचं आहे, हे सगळ्यांना स्पष्ट सांगा. आकडे तुमचे वेगळे येतील, क्रम तोच ठेवा: आधी देणी, मग जूनचं, मग घर.

ठेव शक्यतो आईच्या नावानं ठेवा किंवा दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही अशी करून घ्या. एप्रिलमध्ये भावकीत लग्न निघतं आणि आहेराच्या, कपड्यांच्या नावाखाली हीच रक्कम आधी हलते.

पीक कर्जाची फेड हरभऱ्याच्या पैशावर मांडा आणि भरण्याची शेवटची तारीख बँकेतून लिहून घ्या. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर व्याज ७ टक्के असतं. वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीनं ते ४ टक्क्यांवर येतं आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत त्याच्यावर वेगळी. माफी होईल म्हणून थांबण्यात घराचं हित नाही, असं माझं मत आहे. खातं थकलं की पुढच्या मृगाला बँकेचं दार बंद आणि सावकाराचं उघडं.

जर-तर लिहून ठेवा

मराठवाड्यात ठरवल्याप्रमाणे वर्ष जाईल असं धरून चालता येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं उभी पिकं पाण्यात गेली, कुठं कुठं तर रानातली मातीही खरवडून गेली. म्हणून प्रत्येक ध्येयाखाली निदान दोन जर-तर हवेत. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९९ साली यावर लिहिलं: ‘असं झालं तर मी हे करीन’ असं आधीच ठरवून ठेवलेल्या माणसाकडून ते काम होण्याची शक्यता बरीच वाढते, कारण ऐनवेळी नव्यानं विचार करावा लागत नाही. आपल्याला ही पद्धत नवी नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला म्हणजे जर-तरच आहे. शेजारचा तिफण घेऊन निघाला की आपल्यालाही राहवत नाही, तेव्हा वहीत लिहिलेला हा आकडाच दुबार पेरणीपासून वाचवतो.

काही नमुने:

जर काढणीच्या वेळी भाव पडलेला असेल, तर देण्यापुरतंच विकू आणि बाकीचं तारण ठेवू. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत चालते; सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजानं मिळते. आपल्या समितीत ती चालू आहे का, हे ऑगस्टमध्येच जाऊन विचारून ठेवा. राशीच्या गडबडीत कुणी नीट सांगत नाही.

जर मोटारीची लाईट रात्रीची असेल, तर दुसऱ्या दिवशीचं धावणं संध्याकाळी.

जर हरभरा घाट्यात असताना अवकाळीनं झोडपला, तर बोअरचं ध्येय पुढल्या साली. होस्टेलच्या ठेवीला हात नाही.

हे शेवटचं वाक्य घरात मोठ्यानं वाचा आणि सगळ्यांची सही घ्या. पैसा अडतो तेव्हा घरातच भांडण पेटतं, आणि त्या दिवशी आधीची सही फार उपयोगी पडते.

बाजाराच्या दिवशी वीस मिनिटं

रोजची डायरी लिहिणं शेतातल्या माणसाला जमत नाही, आणि त्याची गरजही नाही. आठवड्यातला एक दिवस मात्र प्रत्येक गावात पक्का असतो, बाजाराचा. माळवं, तेल-मीठ, उधारी यांचा विचार त्या दिवशी आपोआप होतोच. त्याच संध्याकाळी वही काढा.

बैठक कशी चालवायची हे घरातल्या बाईकडून शिका. बचत गटाची पंचसूत्री तिला पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. गावोगावच्या हजारो गटांनी या पाच नियमांवर वर्षानुवर्षं पैसा सांभाळलाय. व्यवस्थितपणा शिकायला दुसरीकडे जायची गरज काय? घराच्या बैठकीला यातले तीन पुरतात. बैठक चुकवायची नाही, हिशोब लिहूनच उठायचं, आणि घरातल्या घरात उचललेले पैसेही परत ठेवायचे. वही लिहिण्याचं काम शाळेतल्या पोरीकडे किंवा पोराकडे द्या. हिशोब लेकराच्या हातात आला की मोठ्यांनाही शिस्त लागते.

नोंद चार ओळींची: या आठवड्यात झालं काय, राहिलं काय, का राहिलं, आणि पुढच्या बाजारापर्यंत कोण काय करणार. ‘का राहिलं’ ही ओळ गाळू नका. लागोपाठ तीन बाजार एकच काम राहत असेल, तर ते फार मोठं लिहिलंय किंवा चुकीच्या माणसाला दिलंय. ‘वारस नोंद करणे’ हे काम महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. ‘गुरुवारी तलाठ्याकडे जाऊन कोणते कागद लागतात ते लिहून आणणे’ हे होतं.

भिंतीवर कॅलेंडर एकच ठेवा. दुधाचा हिशोब, गॅसची टाकी, गटाची बैठक, बँकेची तारीख, परीक्षा, सगळं त्याच्यावर. खरीप पीक विम्याची मुदत साधारण जुलैअखेर असते. जूनमध्येच खूण करा आणि त्या वर्षीची नेमकी तारीख सेवा केंद्रावर विचारून घ्या. ई-पीक पाहणी, म्हणजे रानात काय पेरलंय त्याची मोबाईलवरून नोंद, दर हंगामात करायची असते, तिलाही खूण. अनुदान किंवा नुकसानभरपाईच्या वेळी ही नोंद नसली की पळापळ होते.

कागदांची फाईल

इथं जास्त वेळ द्या. आपल्याकडे ध्येयं अडतात त्यातली कितीतरी निव्वळ कागदापायी अडतात. पोरीला गुण चांगले असतात, पण नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्राला उशीर झाल्यानं प्रवेशाची फेरी हुकते.

सुट्ट्या प्लास्टिकच्या खिशांची फाईल मिळते, ती आणा. चार भाग करा. रानाचा: सातबारा, आठ-अ, फेरफार, शेतकरी ओळख क्रमांक. माणसांचा: आधार, रेशनकार्ड, जन्म दाखले, जातीचं प्रमाणपत्र. पैशाचा: पासबुकं, कर्जाची कागदपत्रं, विम्याच्या पावत्या, मोंढ्यावरच्या पट्ट्या. शिक्षणाचा: टीसी, गुणपत्रकं, अधिवास, उत्पन्नाचा दाखला. सगळ्यात वर एक यादी: कागद, मुदत कधी संपते, नवा कधी काढायचा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला धरली जाते, म्हणून एप्रिल लागला की नव्याचा अर्ज. जूनमध्ये सेतूवर अख्खा तालुका उभा असतो.

एप्रिल-मेमधलं एक काम लिहूनच ठेवा: नावं जुळवणं. आधारवर एक, टीसीवर दुसरं, सातबारावर तिसरं, असं एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं सापडतं. घरातल्या प्रत्येकाचे सगळे कागद शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर ताडून बघा आणि चुका आत्ताच दुरुस्तीला टाका. दुरुस्तीला आठवडे लागतात, आणि प्रवेशाच्या वेळी हातात फक्त दिवस असतात.

मूळ कागद कुणालाही देऊन यायचं नाही. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करायची. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि चालतो. आधार, गुणपत्रकं डिजिलॉकरमध्येही ठेवा. घर गळलं, पूर आला तरी ती राहतात.

अभ्यासिकेतल्या लेकरांसाठी

घरापासून दूर राहणाऱ्यांनी याच पद्धतीची छोटी आवृत्ती ठेवावी. तुमचा बाजाराचा दिवस रविवार धरा. आठवड्याचे विषय तासांवर न मांडता धड्यांवर आणि सोडवलेल्या प्रश्नांवर मांडा. दहा तास अभ्यासिकेत बसलो हे कुणालाही सांगता येतं. किती प्रश्न सुटले आणि किती चुकले, हे वहीतच दिसतं. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही करा. रविवारी घरी फोन करताना गुण सांगता आले नाहीत तरी आठवड्यात काय झालं ते सांगा. घरचे तुमच्या निकालाच्या काळजीत असतातच. त्यांना काम चालू आहे एवढं कळलं तरी धीर येतो. आणि स्पर्धा परीक्षेला किती वर्षं द्यायची, त्यानंतर काय, हे पहिल्याच वर्षी घरच्यांसोबत बसून वहीत लिहा. हे वाक्य लिहायला जड जातं. पुढे तेच सगळ्यात जास्त आधार देतं.

मधेच मोडलं तर

एखादं वर्ष असं येतं की तीनपैकी दोन ध्येयं पावसातच जातात. अशा वेळी पोळा, दिवाळी आणि पाडवा या तीन ठिकाणी तक्ता पुन्हा बघा. पोळ्याला पिकाचा अंदाज येतो, तेव्हा ध्येयाची रक्कम कमी करा. दिवाळीला खरा आकडा कळतो, तेव्हा एखादं ध्येय सरळ पुढल्या सालावर टाका. कापायची वेळ आली तर आधी वस्तू, मग बांधकाम, मग रानातली सुधारणा असा क्रम मी धरीन. शिक्षण आणि औषधपाणी शेवटपर्यंत ठेवावं. जिथं देणं इतकं झालंय की घरातला कर्ता माणूस बोलेनासा झालाय, झोपेनासा झालाय, तिथं वही बाजूला ठेवा आणि आधी त्याच्याजवळ बसा. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, आशाताईंनाही सांगा.

पाडव्याला नवी वही सुरू करताना जुनीतून तीन गोष्टी उतरवून घ्या: राहिलेली देणी, फाईलची मुदतींची यादी, आणि शेवटचं ‘पुढल्या साली’चं पान. जुनी वही फाईलच्या पैशाच्या भागात ठेवा. पुढच्या वर्षी फवारणीला किती गेले, काढणीची मजुरी काय दरानं दिली, मोंढ्यावर कोणत्या आठवड्यात काय भाव लागला, हे त्याच पानांवरून बघून नवा तक्ता भरायचा आहे.